बी नव्हे, पराग : शुक्रपेशीच्या शोधाची कथा

‘पेरावे तसे उगवते’ असं आपण उठता-बसता म्हणतो. शेतकऱ्याच्या तोंडी ही म्हण शोभते. त्याच्या रानात ती दर हंगामाला खरी ठरते. पण मंडळी, हीच म्हण आपण माणसाच्या संसारालाही लावत आलो आहोत. पुरुष म्हणजे बी आणि स्त्री म्हणजे शेत ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांचा चांगला लांबलचक विचार केलेला आहे. तिकडे ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटलही काही वेगळं सांगत नव्हता. पुरुषाकडून आकार येतो आणि स्त्रीकडून नुसता कच्चा माल, असं त्याचं मत.

उपमा मोठी सोयीची होती. कोणाच्या सोयीची, हे निराळं सांगायला नको. मूल झालं नाही की बोल जमिनीला. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठी आणि गाईसाठी वापरतो. पुरुषासाठी असा रोजच्या बोलण्यातला शब्दच आपण ठेवलेला नाही. आणि गंमत पाहा, उपमा खरी मानायची तर पीक कोणतं येणार हे बियाण्यावर ठरायला हवं. ज्वारी पेरली आणि बाजरी उगवली, म्हणून रानाला शिव्या देणारा शेतकरी कोणी पाहिला आहे का? पण घरात तिसरी मुलगी झाली की बोल पुन्हा शेतालाच!

तर ही उपमा खरी किती आणि खोटी किती, याचा निकाल लागायला सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या निकालाची हकीकत आज सांगायची आहे. विषय थोडा संकोचाचा वाटेल. पण जी गोष्ट गोठ्यात उघडपणे बोलली जाते, ती माजघरात कुजबुजीने बोलल्यामुळेच पुष्कळ अनर्थ झाले आहेत.

कथेची सुरुवात होते हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावात. तिथे रेनिए द ग्राफ नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याने १६६८ साली पुरुषाच्या जननेंद्रियांवर पुस्तक लिहिलं. तोवर पुष्कळांचा समज असा की वृषण म्हणजे नुसता मांसल गोळा. द ग्राफने उंदराच्या जातीतल्या एका प्राण्याचं वृषण उलगडून दाखवलं आणि म्हटलं, हा गोळा नव्हे, ही बारीक नळ्यांची गुंडाळी आहे. सुताची लड पिळून ठेवावी तशी. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माणसाच्या एका वृषणातल्या या नळ्या सरळ करून टोकाला टोक जोडलं, तर लांबी शेकडो मीटर भरते. आपल्या कथेतलं सगळं नाट्य या नळ्यांच्या आत घडतं.

त्याच गावात अंतोनी व्हान लेव्हनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. शिक्षण बेताचं, लॅटिन येत नाही. पण काचेची बारीक भिंगं घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लंडनच्या रॉयल सोसायटीशी त्याची ओळख द ग्राफनेच १६७३ साली करून दिली, आणि त्याच वर्षी हा गुणी डॉक्टर ऐन बत्तिशीत वारला.

पुढे १६७७ साली योहान हाम नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी लेव्हनहूककडे आला. परम्याच्या एका रोग्याच्या वीर्यात आपल्याला शेपटी असलेले, वळवळणारे जीव दिसले, असं त्याने सांगितलं. ते रोगामुळे झाले असावेत असा हामचा तर्क. लेव्हनहूकने मग निरोगी माणसाचं वीर्य भिंगाखाली धरलं, तर तिथेही तेच! वाळूच्या कणापेक्षाही कितीतरी लहान असे असंख्य जीव शेपटी हलवत पोहत होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने हे सोसायटीला कळवलं. मात्र सभ्य मंडळींना हा विषय किळसवाणा वाटेल तर पत्र छापू नये, असंही सोबत लिहिलं. पाहिलंत ना? हा संकोच आपल्याच गावचा नाही. सोसायटीने पत्र छापलं.

डोळ्यांना दिसलं ते खरं होतं. त्यावरून काढलेला अर्थ मात्र निराळा. लेव्हनहूकला वाटलं, पुढचं मूल याच जीवात सामावलेलं आहे. आईने फक्त जागा द्यायची आणि पोसायचं. म्हणजे पुन्हा तेच, बी आणि शेत! हार्टसूकर नावाच्या दुसऱ्या डच शास्त्रज्ञाने तर १६९४ साली एक चित्रच काढलं. शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस. आपण तो पाहिला, असं काही तो म्हणाला नव्हता. दिसला तर असा दिसेल, एवढंच त्याचं सांगणं. पण चित्र लोकांच्या मनात बसतं, खालचा खुलासा कोणी वाचत नाही.

याच्या उलट दुसरा पक्ष म्हणे, सगळं मूल आईच्या अंड्यातच असतं. मग वीर्यात पोहणारे हे जीव कोण? तर जंत! पोटात जंत होतात तसे वीर्यातले जंत. हा समज इतका टिकला की १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाने त्यांना ‘स्पर्माटोझोआ’, म्हणजे वीर्यातले प्राणी, असं नाव दिलं, तेव्हा तोही त्यांना बांडगुळासारखे उपरे जीवच मानत होता. त्याच वर्षी याच फॉन बेअरने कुत्रीच्या शरीरातलं अंड प्रथम ओळखलं होतं, हे विशेष. मराठीतला ‘शुक्रजंतू’ हा शब्द त्याच जुन्या समजुतीची खूण अंगावर वागवतो. म्हणून आपण इथे ‘शुक्रपेशी’ म्हणू. तो जंतू नाही. आपल्याच शरीराची ती एक पेशी आहे.

पण हे सिद्ध कसं झालं? त्यासाठी इटलीत जायला हवं, आणि बेडकांना चड्ड्या शिवायला हव्यात! हसू नका. लाझारो स्पालांझानी हा पाद्री आणि प्राध्यापक. त्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नर बेडकांना पातळ तलम कापडाच्या, घट्ट बसणाऱ्या चड्ड्या घातल्या आणि त्यांना माद्यांबरोबर सोडलं. माद्यांनी अंडी घातली. पण त्या अंड्यांतून काही निघालं नाही, ती सडून गेली. मग त्याने चड्डीत जमलेले थेंब दुसऱ्या अंड्यांना लावले, तर त्यांतून बेडकाची पिल्लं निघाली. नराच्या वीर्याचा अंड्याला प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे, हे ठरलं. पुढे त्याने वीर्य टिपकागदातून गाळलं. गाळून खाली आलेल्या पाण्यात जोर उरला नाही. कागदावर राहिलेल्या गाळात मात्र तो होता. उत्तर अगदी हातात आलं होतं, पण स्पालांझानी स्वतः शुक्रपेशींना उपरेच मानत राहिला. पूर्वग्रह डोळ्यांवर असला की समोरचा पुरावासुद्धा दिसत नाही.

ते गाळणं १८२४ साली जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि द्यूमा या दोघांनी पुन्हा काळजीपूर्वक केलं आणि स्वच्छ सांगितलं की गर्भ राहण्याचं काम या शेपटीवाल्यांचंच आहे. आणि १८४१ मध्ये अवघ्या चोविशीतल्या अल्बर्ट कोलिकरने समुद्रातल्या प्राण्यांवर अभ्यास करून दाखवलं की शुक्रपेशी बाहेरून येत नाहीत, त्या वृषणातल्या साध्या पेशींपासूनच तयार होतात.

आता आपण द ग्राफच्या त्या नळीत उतरू. नळीच्या भिंतीला लागून गोल मूळपेशी बसलेल्या असतात. मुलगा वयात येतो तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून हुकूम सुटतो. नळ्यांच्या मधल्या जागेत फ्रांट्स लायडिख याने १८५० साली वर्णन केलेल्या पेशी असतात. त्या पुरुषत्वाचा रस, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, बनवू लागतात, आणि कारखाना सुरू होतो. मूळपेशी दुभागते. तिच्या वंशातला एक वाटा मूळपेशी म्हणून भिंतीशीच राहतो आणि दुसरा पुढच्या कामाला लागतो. शहाणा शेतकरी सगळं धान्य विकून टाकत नाही, पेऱ्यापुरतं बियाणं राखून ठेवतो. तसाच हा हिशेब. म्हणून हा साठा म्हातारपणापर्यंत संपत नाही.

कामाला लागलेली पेशी आधी वाढते आणि मग लागोपाठ दोनदा विभागते. एकीच्या चार होतात. या चारही पेशी अजून गोल आणि मुक्या. त्यानंतर विभागणी नाही. नुसतं रूप पालटतं. डोकं आवळून लहान होतं, त्यावर अंड्याचं कवच भेदणाऱ्या रसाची टोपी चढते, मागे शेपूट फुटते, मानेशी शक्ती पुरवणारे कण गुंडाळले जातात आणि जास्तीचा ऐवज टाकून दिला जातो. लांबच्या वाटेला निघालेला माणूस ओझं कमी करतो, तसंच.

हे सगळं होत असताना त्यांना सांभाळतं कोण? एन्रिको सेर्तोली या इटालियन तरुणाने १८६५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नळीत फांद्या फुटल्यासारख्या उंच पेशी पाहिल्या. वाढणाऱ्या शुक्रपेशी त्यांच्या अंगाखांद्यावर असतात. या पेशी त्यांना पोसतात, टाकलेला ऐवज गिळून जागा साफ ठेवतात आणि वेळ झाली की नळीच्या पोकळीत सोडून देतात. पुरुषाच्या शरीरात अशा हजारो-लाखो दाया रात्रंदिवस राबत असतात, हे किती जणांना ठाऊक असतं?

सुटलेली शुक्रपेशी मात्र अजून पोहायला शिकलेली नसते. वृषणाला चिकटून सुमारे सहा मीटर लांबीची, वेटोळी घातलेली आणखी एक नळी असते. तिच्यातून जाता जाता ती पक्व होते. निरोगी तरुणात अशा शुक्रपेशी दर सेकंदाला हजाराच्या आसपास तयार होत राहतात.

आता मुख्य मुद्दा. लागोपाठ दोनदा विभागणी होते असं मी म्हटलं. ती कशासाठी? बेल्जियममधल्या एदुआर व्हान बेनेदेन याने १८८३ साली घोड्याच्या पोटातल्या जंताची अंडी तपासली. या जंतात रंगसूत्रं, ज्यांना आपण आता गुणसूत्रं म्हणतो, ती फार थोडी असतात, त्यामुळे मोजायला सोपी. त्याला दिसलं की शुक्रपेशी दोन सूत्रं आणते, अंडही दोनच देतं, आणि दोन-दोन मिळून चार होतात. पुढे १८९० मध्ये ऑस्कर हेर्टविग याने त्याच जंतात अंड आणि शुक्रपेशी कशा घडतात याची ताळेबंदासारखी तुलना मांडली. दोन्हीकडे विभागणी सारखीच. दोन्हीकडे ऐवज निम्मा होतो. माणसाची साधी पेशी ४६ गुणसूत्रांची. हा आकडासुद्धा नक्की व्हायला १९५६ साल उजाडलं. तोवर पुस्तकांत ४८ छापत असत. शुक्रपेशीत त्यांतली २३ असतात आणि स्त्रीबीजातही २३.

म्हणजे काय झालं, मंडळी? शुक्रपेशी हे बी नव्हेच. बी पूर्ण असतं. त्यात अख्खं झाड निजलेलं असतं. शुक्रपेशी आहे पराग! मक्याच्या तुऱ्यातून झडणारी पिवळी भुकटी आठवा. ती कणसाच्या केसावर पडली, म्हणजे त्या केसाच्या मुळाशी दाणा धरतो. नुसता पराग मातीत पेरला, तर उगवेल का? बी तयार होतं ते दोघांच्या मिलनानंतर, आणि तेही आईच्या पोटात. आई हे नुसतं शेत नाही. निम्मं बी तिचं आणि वर जोपासना सगळी तिची. जुनी उपमा शेतीतूनच आली होती; पण शेतीकडे नीट न पाहता आली होती.

आता मुलगा-मुलगीचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधणारी बाई आधी शाळामास्तरीण होती, हे इथल्या गुरुजींनी आणि बाईंनी अवश्य लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ चा. शिकवून पैसे साठवत साठवत त्या पस्तिशीत विद्यापीठात दाखल झाल्या. त्यांनी १९०५ साली पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटं. नराच्या पेशीची निम्मी-निम्मी वाटणी झाली की शुक्रपेशी दोन तऱ्हेच्या होतात: निम्म्यांत दहाही मोठी, निम्म्यांत नऊ मोठी आणि एक छोटं. अंडी मात्र सगळी एकाच तऱ्हेची. छोटं सूत्र आलं तर नर, नाही तर मादी. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले. माणसाचं गणित हेच आहे. आईकडून नेहमी एक्स येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा.

तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं हे केवळ निर्दयपणाचं नाही, ते चूक आहे. पाढा चुकावा तशी चूक. पण म्हणून आता दोष बापाच्या माथी मारावा, असंही नाही. कोणती शुक्रपेशी आधी पोचेल हे त्याच्याही हाती नसतं. शिवाय मुलगी हा दोष नव्हे, की ज्याचा धनी शोधत बसावं. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. कायदे करावे लागले, याचा अर्थ नेटी स्टीव्हन्सचा धडा अजून घरोघर पोचलेला नाही.

आणखी एक भीती दूर करायला हवी. ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ असं कोणीतरी सांगतं आणि वयात आलेलं पोर झोपेत वीर्य गेलं तरी खंगत चाललो म्हणून घाबरतं. मग ‘धातू जाते’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांचं फावतं. खरी गोष्ट अशी की वीर्यातला बहुतेक भाग इतर ग्रंथींचा पाझर असतो. शुक्रपेशींचा वाटा शंभरात चार-पाच भागांइतका लहान. आणि पेशींचा कारखाना तर चालूच असतो. आपण ऐकलेला रक्ताचा हिशेब कोणत्याही प्रयोगशाळेत निघालेला नाही.

कारखान्याला वेळ किती लागतो, हेही मोजलं गेलं. हेलर आणि क्लेरमाँ या शास्त्रज्ञांनी १९६३ साली काढलेला अंदाज सुमारे ६४ दिवसांचा होता. पुढचा पक्व होण्याचा काळ धरला तर अडीच महिन्यांच्या आसपास, म्हणजे बाजरीच्या पिकाइतका. म्हणून आज आलेल्या मोठ्या तापाचा परिणाम पुढच्या दोन-अडीच महिन्यांत दिसू शकतो, आणि म्हणूनच वीर्यतपासणीत एकदा कमी आकडा आला तर डॉक्टर काही काळाने पुन्हा बोलावतात.

या कारखान्याला उष्णता सोसत नाही. म्हणून तर वृषणं शरीराबाहेर, दोन-चार अंश थंड अशा जागी असतात. अमेरिकेत कार्ल मूर आणि त्याच्या सोबत्यांनी १९२४ च्या सुमारास मेंढ्याच्या वृषणाभोवती उबदार वेष्टन बांधून पाहिलं. काही आठवड्यांत आतल्या पेशी खराब झाल्या. यातून घ्यायचा धडा आयांसाठी आहे. तान्ह्या मुलाचं वृषण पिशवीत उतरलेलं नसेल आणि सहा महिन्यांनंतरही उतरलं नाही, तर ‘मोठा झाला की होईल’ म्हणून थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आणि तालमीतल्या तरुणांनीही ऐकावं. दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, तर मेंदूकडचा हुकूम थांबतो आणि कारखाना बंद पडू शकतो.

असं उघड बोलण्याची वाट आपल्या भाषेत कोणीतरी आधी पाडून ठेवली आहे, म्हणून आज हे बोलता येतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लेव्हनहूकचं पत्र छापायला सोसायटी तयार होती. कर्व्यांना मात्र छापल्याबद्दल कोर्टाची पायरी चढावी लागली.

घरात दोन-तीन वर्षं पाळणा हलला नाही, तर काय करावं? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, सापडतं. वीर्याची तपासणी ही साऱ्या तपासण्यांत सोपी. ना चिरफाड, ना दुखणं. तरी नवस बाईने करायचे, उपास बाईने धरायचे, औषधं बाईने घ्यायची, आणि पुरुषाने बाहेर ओट्यावर बसून राहायचं! दोघांनी एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे जावं. यात कमीपणा कसला? विहिरीला पाणी लागेना म्हणून मोटेला दोष देण्याआधी आपण दोन्ही तपासतोच ना?

गुरुजींना शेवटी एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या परसात मक्याची दहा-वीस ताटं लावा. दोन कणसांचे केस बाहेर पडण्याआधीच त्यांना कागदी पिशव्या घट्ट बांधा आणि केस वाळेपर्यंत काढू नका. बाकीची कणसं मोकळी ठेवा. पुढे सगळी सोलून मुलांपुढे मांडा. बांधलेल्या कणसांत दाणा धरलेला नसेल. स्पालांझानीच्या बेडकांची चड्डी ती हीच. ताट तेच, माती तीच, पाणी तेच; मग दाणा का भरला नाही, असं मुलांना विचारा. उत्तर त्यांचं त्यांनाच काढू द्या, आणि त्या दिवशी वर्गात मुलगे आणि मुली दोघांनाही बसवा.